चारशे सतरा व्हायरस आणि माझं पिवळं स्टिकर

मेहकर तालुक्यातल्या चौदा घरांत खोटं अँटिव्हायरस मी स्वतःच्या हातानं टाकलं. वर प्रत्येक सीपीयूवर पिवळं स्टिकर चिकटवलं : 'हा कॉम्प्युटर व्हायरसमुक्त आहे.' खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर. चोर सहसा पत्ता ठेवून जात नाही. मी ठेवला.

बिंग फुटलं ते जानेफळला, रऊफभाईंच्या घरी, दुपारी दीड वाजता. स्क्रीन लालभडक. मधोमध एक खिडकी : '४१७ व्हायरस सापडले. फुल व्हर्जन विकत घ्या.' कशावरही क्लिक करा, टुंग आवाज आणि तीच खिडकी. फोटोचं फोल्डर तर उघडायलाच तयार नाही.

"सर, उद्या अकराले कमिटी येऊन राह्यली," रऊफभाई म्हणाले. "फोटो नसले तं त्याइले काय दाखवू? हरभरा?"

हरभऱ्याचं असं होतं. त्या साली गावातल्या बावीस जणांनी एकाच लॉटचं बीटी कपाशीचं बियाणं घेतलं होतं. झाडं छातीला लागली, बोंडं मात्र दोन-चार. सगळ्यांनी मिळून कृषी खात्याकडे तक्रार केली. पण कमिटीच्या पाहणीची तारीख लागेपर्यंत बहुतेकांनी कपाशी उपटून हरभरा पेरला होता. रिकामं रान किती दिवस ठेवणार? पुरावा उरला तो फोटोंचा. रऊफभाईंनी दर आठवड्याला बावीस शेतं फिरून काढलेले. प्रत्येक फोटोत शेतकरी झाडाला खेटून उभा, हातात बियाण्याची रिकामी पिशवी. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की फोटो कॉम्प्युटरमध्ये घ्यायचे आणि कार्ड पुसून टाकायचं. म्हणजे बावीस घरांचा दावा त्या एका डब्यात होता आणि डब्यावर माझं स्टिकर होतं.

आता माझा पराक्रम सांगतो. महिन्याभरापूर्वी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसलो असताना माझ्याच स्क्रीनवर एक खिडकी टपकली. याला पॉप-अप म्हणतात. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ४१७ व्हायरस आहेत, मोफत तपासा.' वेबपेजला आपला कॉम्प्युटर आतून दिसत नसतो. रस्त्यानं जाणारा माणूस ओरडला, "तुमच्या कोठीत साप आहे!" तर त्यानं कोठी पाहिली कधी, हे आपण विचारतो. मी नाही विचारलं. मी हरखलो! माझं जुनं अँटिव्हायरस फार तर तीन-चार व्हायरस काढायचं आणि गिऱ्हाईक नाराज व्हायचं. "चारच? नीट पाहा ना सर." चारशे सतरा म्हटलं की घरातली सगळी माणसं गोळा व्हायची, चहा यायचा. मी ते पेन ड्राइव्हवर घेतलं आणि गावोगाव वाटत सुटलो.

जानेफळला त्याच विद्वत्तेनं मी सांगितलं, "रऊफभाई, व्हायरस जुनाट झालाय. फुल व्हर्जन घ्यावंच लागेल."

त्यासाठी क्रेडिट कार्ड लागणार होतं. ते माझ्या ओळखीत एकाकडेच होतं, पुण्याच्या मेहुण्याकडे. त्याला फोन लावला. तो एकेक आकडा सांगत होता, मी टाइप करत होतो. बारा आकडे झाले.

"दाजी, शेवटचे चार सांगू?"

"थांबा हो सर!" हा आवाज दारातून आला. रऊफभाईंच्या पत्नी, नफिसाभाभी. उर्दू शाळेत गणित शिकवायच्या. नुकत्याच शाळेतून आलेल्या, पर्स अजून खांद्याला. "किती व्हायरस म्हनले?"

"चारशे सतरा."

"मांगच्या खेपीले तुम्ही काढले, तवा किती होते?"

"चारशे सतरा," मी म्हणालो. हे जरा विचित्र वाटलं, पण आवाजात मी कळू दिलं नाही.

"डोणगावले माह्या नणंदेकडे शुक्रवारी किती निघाले?"

मी उगाच माउस हलवला. मला आठवत होतं.

"ते फोनवर मले सांगत होती, भाभी, आमच्याकडे बी चारशे सतरा! जसे काही पोराले मार्क मिळाले. सर, तिचा कॉम्प्युटर तुमच्याच समोर खोक्यातून काढला. इंटरनेट नाही. पेन ड्राइव्ह लागला तो फक्त तुमचा. मंग त्याच्यात चारशे सतरा आले कोठून?"

फोनमध्ये मेहुणा ओरडत होता. "दाजी, ऐकून राह्यले ना? चार, नऊ..."

मी फोन कट केला. ज्याला मी औषध समजत होतो, तोच रोग होता. आकडा मोजलेला नव्हताच, छापलेला होता. घरोघरी तोच.

"आता?" रऊफभाई म्हणाले. "तीनले लाइट जाते. मंग रात्रीपर्यंत येत नाही. फोटो छापणाऱ्याकडे जनरेटर आहे, पण तो तं सातलेच शटर पाडते."

लोडशेडिंगचे दिवस होते. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, त्याच्यावर भाभींच्या वह्या ठेवलेल्या.

मी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला आणि एफ-एट हे बटण धडाधड दाबलं. यानं सेफ मोड येतो. सेफ मोड म्हणजे कॉम्प्युटर फक्त घरच्या माणसांना घेऊन उठतो, पाहुण्यांना झोपूच देतो. पहिल्यांदा हुकलं, लाल खिडकी आली. दुसऱ्यांदा काळी स्क्रीन, मोठी अक्षरं, टुंग नाही! मी फोल्डर उघडलं. पहिल्याच फोटोत छातीएवढ्या कपाशीत रऊफभाई, हातात पिशवी.

"आहेत!" मी ओरडलो. रऊफभाईंनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा कीबोर्डवर पडला.

मग त्या चोराचं फोल्डर शोधून उडवलं. कॉम्प्युटर उठल्याबरोबर आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामची एक यादी असते, त्यातून त्याचं नाव काढलं. नेहमीसारखा चालू केला. स्क्रीन निळी, शांत. खिशातून पेन ड्राइव्ह काढला, तोच भाभींनी तळहात आडवा धरला.

"तो नाही लावायचा."

बरोबर होतं. रऊफभाई मोटरसायकलवर फोटो स्टुडिओत गेले आणि कोरी सीडी घेऊन आले. अडीच होऊन गेले होते. बर्निंग सुरू झालं. चाळीस टक्के. साठ. पंखा एकदा मंदावला, तिघांनी वर पाहिलं, परत फिरायला लागला. ब्याण्णव टक्क्यांवर तर रऊफभाईंनी डोळेच मिटले. सीडीचा ट्रे बाहेर आला, मी सीडी उचलली आणि पुढच्या मिनिटाला लाइट गेली. घड्याळ पाहिलं, तीनला एक मिनिट बाकी होतं. त्या दिवशी वीजवाल्यांनीही घाई केली होती.

दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे हरभऱ्याच्या बांधावर प्रिंट मांडले गेले. मीही गेलो होतो, मागे उभा. साहेबांनी एकेक फोटो उलटून पाहिला आणि पंचनाम्यात बावीसच्या बावीस नावं लिहिली. निकाल नंतर लागायचा होता, पण तक्रार जिवंत राहिली.

पुढचा आठवडा मी उरलेली तेरा घरं धुंडाळत फिरलो. शोधणं सोपं होतं. जिथे पिवळं स्टिकर, तिथे रोग. प्रत्येक घरी खरं सांगितलं. कुठेच चहा मिळाला नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकांना एवढंच सांगतो : खरं अँटिव्हायरस आरडाओरडा करत नाही, तुमचं काम अडवत नाही आणि भीती घालून घाईनं कार्डाचा नंबर तर मागतच नाही. असं काही करणारं दिसलं की क्लिक करू नका, त्या खिडकीच्या फुलीवरही नको. सरळ कॉम्प्युटर बंद करा आणि जाणत्या माणसाला विचारा. जाणता म्हणजे मी, असं त्या वर्षी म्हणायची सोय नव्हती.

शेवटी रऊफभाईंच्या घरी परत गेलो आणि सीपीयूवरचं स्टिकर नखानं खरवडायला लागलो. भाभी वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राहू द्या ते सर. कोणाले बोलवायचं नाही, त्याचा नंबर बी जवळ असावा लागते."