जमिनीपासून अडीच फूट

"भांडी आमचीच हायेत. घर आमचं नाय," काका म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

माझ्या तीन आठवड्यांच्या कामाचा एका वाक्यात निकाल लागला. रागच आला मला.

गोष्ट दोन हजार चार-पाचची. नाशकात आमचं छोटं ऑफिस होतं. बिल्डरचा फ्लॅट बांधून होण्याआधी कॉम्प्युटरवर उभा करायचा आणि गिऱ्हाइकाला त्यात फिरवून आणायचं, हा आमचा धंदा. बॉसनी व्हिजिटिंग कार्डावर 'व्हर्च्युअल रिॲलिटी' छापलं होतं. प्रत्यक्षात ॲरो की दाबायच्या आणि घरात हिंडायचं, एवढंच.

ते कार्ड वाचून शोभाताई आल्या. दवाखान्यात नर्स. वडील, म्हणजे हे काका, रेल्वेत पॉइंट्समन, गाडीचा रूळ बदलून देणारे. संसार सगळा मनमाडच्या क्वार्टरमध्ये झालेला. वडील रिटायर झाले, लगेच आई गेली, मग क्वार्टरही पाडलं.

"वर्ष होत आलं. बाबा आईबद्दल एक शब्द बोललेले नाहीत," त्या म्हणाल्या. "वर्षश्राद्धाला तिचं घर पुन्हा दाखवता येईल का? निदान रडतील तरी."

मी टेप घेऊन मनमाडला गेले. तशाच क्वार्टरांची एक रांग अजून उभी होती, तिथली मापं घेतली. शोभाताईंच्या फोटोंवरून फडताळ, स्टोव्ह, पितळी डबे, सगळं हुबेहूब केलं. आईंना मात्र केलं नाही. त्या काळी आमची कॉम्प्युटरवरची माणसं साड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखी दिसायची. त्यांची तशी थट्टा मला करायची नव्हती.

आणि आता काका निघाले होते. शोभाताईंकडे बघवेना.

बॉसनी मला बाजूला घेतलं. "वय झालंय, गोंधळले असतील. सीडी दे आणि मोकळी हो."

"सर, डबे बरोबर ओळखले त्यांनी. मग गोंधळ त्यांचा कसा?"

मी काकांना दारात गाठलं. "काका, ड्यूटीवरून आल्यावर तुम्ही कुठं बसायचात?"

"कुठं म्हंजे? खाली!" असं म्हणून ते ऑफिसच्या फरशीवर मांडी घालून बसलेच.

मीही शेजारी बसले, समोर बघितलं आणि कपाळावर हात मारला. आमच्या कामात कॅमेऱ्याची उंची ठरलेली असते. साडेपाच फूट, म्हणजे उभ्या माणसाचा डोळा. फ्लॅट बघायला आलेला माणूस उभाच असतो. मी काकांना त्यांच्याच घरात गिऱ्हाइकासारखं उभं ठेवलं होतं.

एक आकडा बदलायचा होता. साडेपाचचे अडीच केले. तेव्हाचे मॉनिटर धोंड्यासारखे जड. बॉसनी आणि मी तो उचलून काकांपुढे फरशीवर ठेवला.

काकांनी एका बोटानं की दाबली. घर हळूहळू डावीकडे वळलं. स्टोव्हपाशी ते थांबले.

"हितं बसायची ती," ते म्हणाले. "भाकरी करताना मान वर करायची नाय. पन मी घाईनं उठाया लागलो का म्हनायची, गाडी थांबंल, भाकर थांबायची नाय."

आणि ते रडले. शोभाताई त्यांच्याजवळ बसल्या. "अजून काय म्हणायची, बाबा?"

काका सांगत राहिले. त्या दिवशी बिल्डरचं काम तसंच पडलं आणि बॉस चहा मागवत राहिले. मी तोंड फिरवून डोळे पुसले, ते कोणाला दिसलं नाही असं मला वाटतं.

वर्षश्राद्धालाही मॉनिटर खालीच ठेवला. नातेवाईक पंगतीला बसावं तसे बसले आणि काका बोलत होते.

तेव्हापासून मी मापं घेण्याआधी विचारते, या घरात कोण कुठं बसणार? बिल्डर हसतात. त्यांना घर विकायचं असतं, त्यात बसायचं नसतं.