गाँगपाशी बसलेले भाऊजी

परदेशातल्या आमच्या या अख्ख्या क्रेगीबर्न उपनगरात ज्याला वाट बघणं म्हणून जमत नाही असा माणूस एकच, आणि तोच नेमका माझ्या ताईचा नवरा निघावा! भाऊजी समोरच्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करतात आणि सिग्नल लाल असतानाच पुढच्या गाडीवर चिडून घेतात. लग्नात तर मंगलाष्टकं संपायच्या आत त्यांनी हार घालून टाकला होता. भटजी गातच होते.

असा माणूस रिटायर झाल्यावर गॅमेलन शिकायला गेला. जावा बेटावरचं हे संगीत. काशाच्या पट्ट्या, घंटा, आणि सगळ्यांच्या मागे टांगलेला परातीहून मोठा गाँग. शिकवणाऱ्या बाईही जावाच्याच. सगळे त्यांना इबू म्हणत, म्हणजे आई. चपला बाहेर काढायच्या, वाद्य ओलांडायचं नाही, हे त्यांना भाऊजींना सांगावंच लागलं नाही. पहिल्याच दिवशी एका वाद्याला पाय लागला, तर भाऊजींनी वाकून नमस्कार केला. इबू इतक्या खूश झाल्या, की त्यांनी मोठा गाँगच त्यांच्याकडे सोपवला.

आणि तिथेच घोळ झाला. भाऊजींचा हात तबल्यावर बसलेला. आपली सम पहिल्या मात्रेवर, म्हणून गाँगही त्यांना सुरुवातच वाटे. तो घाईने वाजवून हे पुढच्या आवर्तनात, बाकीचे अजून मागच्याच. "स्लो आहेत रे सगळे," असं वर मला सांगत. इबू मात्र शांतपणे म्हणत, "नो वरीज. पण गाँग म्हणजे शेवट. सगळे पोचले, की मग तुम्ही. तोवर त्यांना ऐका." दोन वर्षं त्या हेच सांगत राहिल्या.

मग इबू आजारी पडल्या आणि कायमच्या जावाला परत जायला निघाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात गाँग भाऊजींनीच वाजवायचा, हा त्यांचा हट्ट. भाऊजी आठवडाभर धड जेवले नाहीत. "त्यांच्यासमोर घाई झाली तर रे?" एवढंच विचारत.

त्या दिवशी ताई आणि मी मागच्या रांगेत होतो. वादन हळूहळू मंदावलं, शेवटच्या स्वरावर सगळ्यांचे हात थांबले, आणि गाँग काही येईना. भाऊजी दांडा उचलून नुसते बसलेले. ताईने माझं मनगट घट्ट धरलं. इबू खुर्चीत डोळे मिटून होत्या, त्यांनी ते उघडलेही नाहीत. मग एकदाचा तो खोल आवाज आला, तो थेट छातीत उतरला.

गाडीत बसल्यावर ताईने विचारलं, "अहो, विसरलात की काय?"

"विसरेन कसा? वाजवला की त्या जाणार होत्या गं."

ताईने त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि गाडी तिनेच चालवली.