युसूफभाईंची चौदा मिनिटं

युसूफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या जळगावच्या डाळ मिलमध्ये दिवसाचा तक्ता भरत होतो. त्यांची मुलगी बोलत होती, धुळ्याहून. "अब्बा गेले, भाऊ. पहाटे छातीत दुखलं…" पुढे ती बोलू शकली नाही. मी फोन ठेवला आणि तक्ता पूर्ण केला. हे सांगायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच.

अकरा वर्षं आम्ही एकत्र काम केलं. ते मिस्त्री, मी सुपरवायझर. माणूस ओळखायची माझी रीत आकड्यांची. कोण किती उशिरा येतो, कोणाच्या पाळीत मशीन किती वेळ बंद राहतं, याची बेरीज केली की स्वभाव कळतो असं मला खरोखर वाटायचं. या हिशेबात युसूफभाई कायम तोट्याचे ठरायचे. तेल लावलेली तूर पत्र्याच्या उंच कोठीत अडकून बसते. मग आमचे जुने कामगार नाना बांबू घेऊन आत उतरतात आणि ती मोकळी करतात. नाना उतरले की युसूफभाई अख्ख्या मिलचं मशीन बंद करायचे, मेनचा फ्यूज काढून खिशात घालायचे आणि नाना बाहेर येईपर्यंत कोठीच्या तोंडाशी उभे राहायचे. नाना बाहेर आले तरी फ्यूज लगेच लावायचे नाहीत. आधी त्यांच्या खांद्याला हात लावून बघायचे. सरासरी चौदा मिनिटं जायची.

"मशीन चालू असतानाही तूर मोकळी होते, युसूफभाई. उलट लवकर होते."

"होते ना. तुम्ही लिहा भाऊ मिनिटं, बिनधास्त लिहा," ते हसून म्हणायचे. आपल्याशिवाय मिल चालत नाही हे रोज दाखवायचा त्यांचा हा मार्ग आहे, असं मी ठरवून टाकलं होतं. वर्षभराच्या मिनिटांची बेरीज करून मी ती शेठजींपुढे ठेवली. मशीन बंद होणार नाही, असा हुकूम निघाला. युसूफभाई भांडले नाहीत. "मग माझ्याच्यानं नाही होणार, शेठ," एवढं बोलून ते धुळ्याला निघून गेले. गर्व दुखावला, असा मी अर्थ लावला. पुढचे सहा महिने बंद वेळेच्या रकान्यात शून्य लिहिताना मला समाधान वाटत होतं.

मुलीचा फोन आल्यावर चौथ्या दिवशी मी धुळ्याला भेटायला गेलो. भाभींनी पाणी दिलं. बोलता बोलता मी म्हणालो, "युसूफभाई मशीनच्या बाबतीत फार हट्टी होते." भाभी म्हणाल्या, "हट्टी नव्हते. घाबरायचे." मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते आणि त्यांचे थोरले भाऊ हनीफ एकाच मिलमध्ये कामाला होते. हनीफभाई कोठीत उतरले होते. बाहेर आले असतील असं समजून युसूफभाईंनी बटण दाबलं. खालून धान्य सरकू लागलं की वर उभा असलेला माणूस आत ओढला जातो… "हाक मारायलाही वेळ मिळत नाही म्हणे," भाभी म्हणाल्या.

मी घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी. नाना अकराला उतरतात. मी मिलमध्ये फोन लावला. मशीनच्या आवाजात फोन कोणाला ऐकू येणार? नऊ वेळा लावला. नानांकडे मोबाइल नाही, शेठजी फोन उचलत नव्हते. मिळेल ती एसटी पकडली. धुळे ते जळगाव दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांत मी पहिल्यांदाच निराळी बेरीज केली. सहा महिने, दिवसातून एकदा, कधी दोनदा. दीडशेच्या वर वेळा मी त्या माणसाला चालू मशीनवर आत पाठवलं होतं.

मिलमध्ये पळत शिरलो. नाना पोत्याला टेकून चहा पीत होते, भुवयांपर्यंत कोंड्याने पांढरे.

"काय व्हयनं भाऊ? इतलं कसाले घाबरनात? मी आठेच शे, जित्ता."

मी धापा टाकत हनीफभाईंचं सांगितलं. नानांनी कप खाली ठेवला. "माले माहीत शे. बठ्ठासले माहीत शे."

"सगळ्यांना माहीत होतं, मग मला कोणी सांगितलं का नाही? तुम्ही तरी का उतरत होतात? भीती नाही वाटायची?"

"वाटे ना. रोज वाटे." मग ते अगदी साधेपणाने म्हणाले, "पन तुमले कोन सांगी, भाऊ? तुम्ही लगेच लिखी लेतस."

त्याच दिवशी मी शेठजींना सगळं सांगितलं. आता कोठीत माणूस उतरला की मिल थांबते. त्या शांततेत मी स्वतः कोठीच्या तोंडाशी उभा राहतो, आणि युसूफभाई इथे उभे राहून आतल्या बांबूचा आवाज का ऐकत असतील हे थोडं कळतं. पण माझी भीती त्यामुळे कमी झालेली नाही. आमच्याकडे बावीस माणसं आहेत, आणि त्यांतल्या कोणाचं काय मला ठाऊक नाही, कोण जाणे. डाळ निवडणाऱ्या सुमनबाई दाराकडे पाठ करून कधीच बसत नाहीत. हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे आणि त्याला सवय समजतो आहे. परवा धीर करून विचारलं, "सुमनबाई, तुम्ही नेहमी दाराकडे तोंड करूनच का बसता?"

त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात पेन होतं.

"काही नाही साहेब," त्या म्हणाल्या, आणि लगबगीने डाळ निवडू लागल्या.