नावाचं कडवं

मोठ्या दुष्काळात माझी आत्या मुदखेडजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होतो. सुट्टीच्या दिवशी तिला भेटायला त्या कामावरच जावं लागे, कारण घरी कुणी नसायचंच. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिला गाणी सुचायची. हातोडीच्या ठोक्यावर ती एक ओळ म्हणायची, आजूबाजूच्या बाया ती उचलायच्या, आणि दुपारी मजुरांना खायला सरकारी सुकडी वाटेपर्यंत गाणं उभं राहिलेलं असायचं. त्यातलंच हे एक:

दगडा रे दगडा, फोडीन मी तुला,
तुझ्या पोटातलं पानी दे माझ्या लेकराला.

शेवटच्या कडव्यात ती स्वतःचं नाव घालायची आणि गावाचंही. आमच्याकडे गाणं रचणाऱ्याची तीच रीत. छापलेलं पुस्तक नाही, सही नाही. गाणं ज्याच्या तोंडी जाईल त्याच्या तोंडून नावही जाणार, एवढाच भरवसा.

दुष्काळ सरला, गाणं मात्र राहिलं. विहारात, लग्नात, बारशाला बाया ते म्हणू लागल्या. एकदा जयंतीच्या कार्यक्रमाला नांदेडचे एक गायक गावात आले. त्यांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या अंगणात पेटी घेऊन बसले.

"ताई, हे गाणं मला द्या. गावोगाव नेतो."

"न्या की, दादा. पर नावाचं कडवं सोडू नका."

त्यांनी शब्द पाळला. मी स्वतः त्यांचे दोन-तीन कार्यक्रम ऐकले. ते कडवं आलं की पेटीवरचा हात उचलून ते नमस्कार करायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं.

लातूर जिल्हा झाला त्या सुमाराला मी वकिलीसाठी तिथं खोली घेतली. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्या, नवी कोर्टं, भाड्याच्या इमारती, पाट्यांवरचा रंग अजून ओला. बसस्टँडवर कॅसेटची दुकानं निघाली होती. एका सकाळी चहा पिताना शेजारच्या दुकानातून तो आवाज आला. गायक तेच, गाणं तेच, मागं ढोलकी आणि बेंजो. मी कप खाली ठेवून ऐकत राहिलो. शेवटचं कडवं आता येईल म्हणून कान टवकारले, तर गाणं थांबलं आणि दुसरंच सुरू झालं.

मी कॅसेट विकत घेतली. वेष्टनावर गायकाचं नाव होतं, संगीत देणाऱ्याचं होतं. गाण्यापुढं लिहिलं होतं: पारंपरिक.

पारंपरिक म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. दुष्काळाला अजून पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती आणि ते रचणारी बाई जिवंत होती.

मी मुदखेडला गेलो. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून आत्याला कॅसेट ऐकवली. ढोलकी सुरू झाल्यावर तिला हसू आलं, मान डोलू लागली. मग गाणं संपलं. ती टेपकडे बघत राहिली.

"अडकली का रं?"

"नाही आत्या. संपलं."

"संपलं? अन् मी?"

मग मी वकिलासारखा बोलायला लागलो. तिला सांगितलं की गाणं तुझं आहे. सरकारदरबारी नोंद केलेली नसली तरी रचणाऱ्याचा हक्क असतोच. त्याला विचारल्याशिवाय कुणी ते छापू शकत नाही, विकू शकत नाही, त्याचं नाव पुसू शकत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कुनाला कोर्टात उभं करायचं न्हाई मला," ती म्हणाली. "नाव घाला म्हनावं, बस."

आम्ही दोघं नांदेडला गायकांच्या घरी गेलो. आत्याला दारात बघताच ते उठून उभे राहिले.

"जयभीम ताई. तुम्ही यायच्या आधीच मला यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "टेपवर जागा कमी पडून राहिली होती. कॅसेट कंपनीचा मालक म्हणे, शेवटचं कडवं काढा. मी नको म्हणालो. पुन्हा म्हणे, काढा. मग काढलं."

"कंपनीशी केलेल्या कागदावर काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"सही केलती. वाचलं न्हवतं." ते खाली बघत होते. आत्यानं त्यांच्या बायकोनं दिलेलं पाणी घेतलं आणि तब्येतीची चौकशी केली.

मी कंपनीच्या मालकाला नोटीस पाठवली. गाणं या बाईचं कशावरून, असं उलट उत्तर आलं. तेव्हा आत्याबरोबर खडी फोडणाऱ्या बाया एसटीनं लातूरला आल्या. मालकानं त्याचा माणूस पाठवला होता. माझ्या खोलीत सतरंजीवर बसून बायांनी आधी ते गाणं कुठं, कसं झालं ते सांगितलं. मुकादम कोण होता, ओळ कुणी कशी बदलली, सगळं. मग एकीनं सुरुवात केली आणि त्या गायला लागल्या. दाराशी दुसरे वकील येऊन उभे राहिले. नावाचं कडवं आलं तेव्हा आत्यानं तोंडाला पदर लावला आणि बाकीच्यांनी तिचं नाव घेतलं. मालकाच्या माणसानं पुढं वाद घातला नाही.

ठरलं असं की पुढच्या खेपेला वेष्टनावर आत्याचं नाव येईल आणि राहिलेलं कडवं पुन्हा गाऊन जोडलं जाईल. नाव खरंच आलं. मी ते वेष्टन मुदखेडला नेऊन दाखवलं, तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, जिंकलो.

पण कडवं आज जोडू, उद्या जोडू असं होत राहिलं, आणि तोवर गायकांचा घसा गेला. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. दुसऱ्याच्या आवाजात ते एकच कडवं कसं जोडणार? इकडं बसस्टँडवर नकली कॅसेटी विकल्या जात होत्या, त्यांवर तर वेष्टनच नव्हतं. गाणं नावाच्या कडव्याशिवायच गावोगाव पोचलं होतं.

पुढं बिलोलीकडं आमच्या नात्यात लग्न होतं. हळदीला पोरींनी तेच गाणं धरलं. टाळ्या, हसणं, सगळं रंगात आलेलं. पोरी थांबल्या तशी बायांत बसलेल्या आत्यानं पुढचं कडवं उचललं. एकटीनंच. पोरी एकमेकींकडे बघू लागल्या.

"आज्जी, हे कुठलं? कॅसेटात न्हाई हे."

तेवढ्यात मागून कुणीतरी हसत म्हणालं, "म्हातारीनं आपलं नाव घुसवलं बघा."

सगळ्या हसल्या. मनात वाकडं असं कुणाच्या नव्हतं. मी मांडवाच्या कडेला होतो, पुढं येऊन सांगायला तोंड उघडलं, तर आत्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. कडवं तिनं अर्ध्यावरच सोडलं. त्यानंतर ती चारचौघांत कधी गायली नाही.

मी नवा टेपरेकॉर्डर घेऊन तिच्याकडं गेलो. तिच्या डोक्यात कितीतरी गाणी होती, काही तर आम्ही ऐकलेलीही नव्हती. म्हटलं, या वेळी आवाज तुझा, नाव आधी, टेप आपल्या घरात. कुणी हात लावला तर मी आहे.

"त्या डब्यात एक गेलं," ती म्हणाली. "आता न्हाई."

"आत्या, कायदा आपल्या बाजूनं आहे."

"हाव, आसंल की. तू खोटं कशाला बोलशील बाळा? पर त्या पोरींना कुठं ठावं हाय कायदा?"

मी दर खेपेला विचारत राहिलो. तिनं दर खेपेला चहा दिला, कामाची विचारपूस केली आणि विषय बदलला.

माझ्याकडं आता जळकोटपासून देगलूरपर्यंतचे कलावंत येतात. कुणी गाणी रचतं, कुणी चित्रं काढतं, कुणी नाटक लिहितं. मी सांगतो: सहीआधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्या, कायमचं सगळं देऊन टाकू नका, नाव कुठं आणि कसं येणार ते त्यातच लिहून घ्या. काही ऐकतात. काहींना कॅसेट निघण्याची, आता तर व्हिडिओ निघण्याची, इतकी घाई असते की मी बोलत असताना ते दाराकडं बघतात. त्यांना आत्याचं सांगावं वाटतं. पण तिच्याकडं हक्क होता, साक्षीदार होते, छापलेलं नावही होतं, आणि तरी ती गप्प झाली. ते ऐकून कुणाला धीर येईल, असं मला वाटत नाही.

आत्या गेली. पुण्यानुमोदनाला जमलेली माणसं पांगल्यावर तिची सून माझ्याजवळ येऊन बसली.

"दादा, मामी गात होत्या बरं का," ती म्हणाली. "मागं परसात, ज्वारी निवडताना. नवीनच काहीतरी. मी गेले की गप व्हायच्या."

"तुला आठवतंय काही?"

"चाल आठवती. बोल न्हाईत."

तिनं ती चाल गुणगुणून दाखवली, मधेच चुकली, पुन्हा सुरू केली. मग आतून कुणीतरी हाक मारली, तशी ती उठून गेली.