दादाचा ठोका

आमचा दादा एककल्लीच. वहिनी गेल्यावर तर बोलणंच तुटलं. फोन केला तर उचलायचा नाही. मी चिडायचे, म्हणायचे, घुम्या तो घुम्याच राहणार.

कामात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. लाकूड जाळून वीज करणारा कारखाना आला, तेव्हा ठरलं की जंगलातलं फक्त पोकळ, किडकं झाड तोडायचं. ते निवडणार दादा. कुऱ्हाडीच्या माथ्यानं खोडावर ठोका मारायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर झाड वाचलं, बद्द वाजलं तर पिवळी फुली. एकतीस वर्षं त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

गेल्या वर्षी फुल्या भसाभसा वाढल्या. कारखानेवाले खूश, जंगल वाचवा म्हणणारे खवळले. शेवटी शाळेत सभा ठरली. आदल्या दुपारी मी दादाकडे गेले. दार बडवून हात दुखले. खिडकीतून पाहिलं तर किटली शिट्टी मारून मारून दमलेली आणि तिच्या शेजारीच बसलेला हा ढिम्म.

मागच्या दारानं जाऊन खांद्यावर हात ठेवला, तसा तो दचकला. टेबलावर खोडाची एक चकती होती, गाभ्यापर्यंत भरीव.

"काल तोडणीवर गेलो होतो. या झाडावर माझी फुली होती," तो म्हणाला. "मला आता सगळीच झाडं बद्द वाजतात गं."

"कधीपासून?"

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मी ओरडून विचारलं.

"वर्ष झालं असेल."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाशी बोलू? ही असती तर हिला सांगितलं असतं."

"मी काय मेले होते?" मी म्हणाले. रडू आलं म्हणून आवाज बारीकच निघाला, आणि ते त्याला ऐकूही गेलं नाही.

सभेत कारखान्याचे साहेब म्हणाले, "यांचा कान कधी चुकत नाही. विचारा त्यांनाच." मी कोपरानं ढोसलं, तेव्हा दादा उठला. चकती टेबलावर ठेवून म्हणाला, "कान गेलाय माझा. वर्षभर धडधाकट झाडं भट्टीत घातली मी. माझ्या फुल्या पुसून टाका."

एकच कल्ला झाला. जंगलवाले म्हणाले, कारखाना बंद करा. कारखानेवाले म्हणाले, एका म्हाताऱ्याच्या चुकीला कारखाना काय करणार? साहेबांनी दुसरा माणूस नेमायचं तिथेच जाहीर केलं. दादाकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

तो खाली बसला. बराच वेळ माणसांच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत राहिला आणि मग हळूच मला म्हणाला, "मला कुणी काही विचारतंय का गं?"