टचस्क्रीन, व्याही आणि माझा निर्दोष फोन

व्याह्यांचा अपमान मी केलेला नाही. तो गाडीने केला.

आमच्या घरात मात्र याची वेगळीच आवृत्ती प्रचलित आहे. मुलगा प्रशांत ती पाहुण्यांना चहाबरोबर वाढतो, आणि दर खेपेस तिच्यात माझे एक नवे पाप वाढते. म्हणून हे अधिकृत निवेदन.

नवी गाडी घ्यायची होती आणि दोन पसंत पडल्या होत्या. इंजिन सारखे, रंग सारखा. भांडण उरले ते पडद्याचे. एकीत खिडकीएवढा टचस्क्रीन, दुसरीत बेताचा पडदा आणि त्याखाली बोटांना लागणारी खरीखुरी बटणे. मी बटणांच्या पक्षाचा. सूनबाई रश्मीचे वडील, म्हणजे आमचे व्याही, टचस्क्रीनच्या पक्षाचे. (ते नागपूरच्या उच्चभ्रू धरमपेठेत राहतात, त्यामुळे त्यांच्या मते त्यांना यंत्रांतले सर्व कळते.) लग्नाच्या पंगतीवरून आमच्यात अबोला झाला होता. तो मोडायला रश्मीला तीन वर्षे लागली होती.

वाडीच्या शोरूमपाशी सौभाग्यवतींनी मला बाजूला घेतले.

"आज एक वाकडा शब्द नाई. पोरीच्या तोंडाकडे पाहा."

"मी कधी बोलतो वं?"

"म्हणूनच सांगून राहिली!"

टचस्क्रीनच्या गाडीला माझा फोन मी स्वतः जोडला. (विक्रेत्याने जोडला, असे प्रशांत सांगतो. धादांत खोटे! त्याने केवळ माझे बोट धरले होते.) पण व्याही उभे असताना आपण पुढे बसणे आमच्या रीतीत बसत नाही. "तुम्ही बसा", "छे, तुम्ही बसा" असे बराच वेळ चालले. अखेर मी खाली उतरलो, त्यांना स्टिअरिंगपुढे स्थानापन्न केले आणि दारही स्वहस्ते लावले. मागे सौभाग्यवती आणि रश्मी. आवाज तपासण्यासाठी काचा बंद.

बाहेर मोकळा उभा होतो, म्हणून बटणांच्या बाजूने एक मत मिळवावे या शुद्ध हेतूने महाल भागात राहणाऱ्या दामूला, माझ्या बालमित्राला, फोन लावला. कानाशी धरला. शांतता!

"हॅलो, दामू? हॅलो?"

दामू बोलत होता. पण माझ्या कानात नव्हे, गाडीतल्या झाडून साऱ्या स्पीकरांतून! (आतला वृत्तांत रश्मीचा आहे. घरात विश्वासार्ह साक्षीदार ती एकटीच. दामूच्या बोलीत व्याह्याला इवाई म्हणतात.)

"बोल गा! आला का तुझा इवाई? तोच ना, ज्याले स्कूटर स्टँडवर लावता येत नाई, अन् दुनियेले गाड्या शिकवते?"

काचेतून मला दिसले ते एवढेच: डोळे विस्फारलेले, रश्मीचा हात तोंडावर. आवाजाचा दर्जा अलौकिक असावा, असा मी निष्कर्ष काढला आणि हसून अंगठा दाखवला! (हा अंगठा आता माझ्याविरुद्ध मुख्य पुरावा आहे.)

व्याही थंडपणे पडद्याकडे वाकले.

"अजून काय म्हटलं होतं मी त्याच्याबद्दल?"

"भुलला का गा? लग्नात तीनदा जेवला अन् चौथ्यांदा मीठ कमी म्हणून रुसला! पण तुझा आवाज काहून बदलला? सर्दी झाली का?"

सौभाग्यवतींनी दार उघडले. ती सर्दी शोरूमभर पसरली. मी अजून ओरडतच होतो, "दामू, काहीच ऐकू येऊन नाई राहिलं!"

"आम्हाले येऊन राहिलं!" सौभाग्यवती कडाडल्या. "साऱ्या शोरूमले येऊन राहिलं!"

व्याही उतरले. रश्मीचे डोळे भरले होते.

"हे... दामूचं वैयक्तिक मत आहे," मी म्हणालो.

व्याह्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "मीठ कमीच होतं," ते म्हणाले.

"होतं," मी म्हणालो. "फार कमी होतं!"

रश्मी आधी फसकन हसली. मग व्याही हसले. टचस्क्रीनची गाडी मी जागच्या जागी मान्य केली. प्रशांत याला माझी शरणागती म्हणतो. साफ चूक! स्पीकरांची इतकी कसून चाचणी नागपुरात आणखी कोणी घेतली असेल, तर त्याने मला अवश्य कळवावे. फक्त फोन करू नये, पत्र टाकावे.