अण्णांकडचं हळद-कुंकू

"तू जरा लांबच थांब गं. काल कलेजी कापलीयस ना तू."

खंडेनवमीची सकाळ. चाकणमधली आमची छोटीशी कंपनी. मशीनला झेंडूचा हार, डायरेक्टर सरांच्या हातात पूजेचं ताट आणि सगळ्या स्टाफसमोर मला उद्देशून त्यांचं हे वाक्य. मी निमूट दारापाशी जाऊन उभी राहिले. प्रसादाचा पेढासुद्धा एकीने वरूनच माझ्या हातावर सोडला.

त्या मशीनमध्ये केसाहून बारीक सुई आहे. ती मांसाच्या तुकड्यावर टेकते, किंचित दाबते आणि तो किती मऊ, किती ताठर ते सांगते. आजारी लिव्हर कडक होतं. ते डॉक्टरांना या सुईने लवकर कळावं, म्हणून आमचा सगळा खटाटोप. सुईच्या टोकाचा सेन्सर मी बनवलाय. मी इंजिनिअर आहे. पण चाचणीला बोकडाची ताजी कलेजी लागते. रावेतला माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मटणाचं दुकान आहे, हे कळल्यावर सर हसत म्हणाले होते, "मग काय, तुझ्या घरचंच काम."

तेव्हापासून आणायची मी, कापायची मी, टेबल पुसायचं मी. तुकडा सुईखाली गेला की त्याला सगळे टिश्यू म्हणायचे आणि खुर्च्या ओढून जवळ बसायचे. मी मागे, उभी.

त्याच सकाळी घरी अण्णांनी सुरा धुऊन पाटावर मांडला होता. मी त्याला हळद-कुंकू वाहिलं. पुडी माझ्या हातात देत अण्णा म्हणाले, "तुज्या मशीनलाबी वाहा माज्याकडनं." दारात उभं असताना ती पुडी पर्समध्ये होती. रडू आलं. मग ते आटलं आणि नुसता राग उरला.

आरती झाली. पूजेला आलेल्या पाहुण्यांना मशीन चालवून दाखवायचं होतं. सर म्हणाले, "चल, पटकन एक तुकडा काप."

"नाही कापणार. मघाशी या हातांचा विटाळ होत होता. आता तुम्ही कापा."

सुरीला कुणी हात लावेना. सरांनी झाडलोट करणाऱ्या मावशींना हाक मारली. त्यांनी मुकाट सुरी उचलली.

"मावशी, हे तुमचं काम नाही," मी म्हणाले.

"सायबांनी सांगितलंय गं बाई."

मी त्यांच्या हातातली सुरी घेतली आणि सरांच्या पूजेच्या ताटात ठेवली. पाहुणे मशीन न बघताच चहा पिऊन गेले.

दुपारी सरांनी राजीनामा मागितला. मी दिला नाही. पुडी उघडली आणि मशीनला हळद-कुंकू वाहिलं. कुणाला विचारलं नाही.

राजीनामा मी देणार नाही. काढायचं असेल तर सगळ्यांसमोर काढा आणि कशासाठी काढताय ते तोंडाने सांगा. तोवर मी मशीनसमोरच्या खुर्चीवर बसणार. कलेजी ज्याला मोजायचीय, त्याने कापायची. पाळीपाळीने. सरांनीसुद्धा.